कैलास-मानसरोवर यात्रेची आखणी (पाचोरा परिसरातून)

तिबेटच्या पश्चिम भागातील कैलास पर्वत (सुमारे ६,६३८ मी.) आणि त्याच्या दक्षिणेचे मानसरोवर (सुमारे ४,५९० मी.) यांच्या यात्रेसाठी करावी लागणारी पूर्वतयारी. जळगाव जिल्ह्यातील पाचोरा हे तालुक्याचे गाव मध्य रेल्वेच्या भुसावळ-मनमाड मार्गावर, समुद्रसपाटीपासून जेमतेम २६० मी. उंचीवर आहे. कैलासाच्या परिक्रमेतील डोलमा खिंड ५,६०० मी.च्या वर आहे. खानदेशातले तोरणमाळ सुमारे १,१५० मी. उंच आणि दिवाळीत हजारो भाविक चढतात तो अस्तंभा सुमारे १,३२५ मी. उंच. म्हणजे या भागातल्या माणसाने आयुष्यात चढलेला सर्वांत उंच डोंगर डोलमाच्या पावपटही भरत नाही. म्हणून पैसे, कागदपत्रे, मार्ग आणि दिवस यांचा सगळा हिशेब या एका खिंडीपासून मागे मागे करत यावा आणि तयारीला किमान वर्षभर आधी लागावे.

श्रद्धा : हिंदूंना कैलास म्हणजे शिवपार्वतीचे निवासस्थान. जैन परंपरेत हेच अष्टापद, पहिले तीर्थंकर ऋषभदेव यांचे निर्वाणस्थान. त्यामुळे खानदेशातील जैन कुटुंबांनाही या यात्रेची ओढ असते. तिबेटी बौद्ध त्याला कांग रिंपोछे म्हणतात. बोन धर्माचे अनुयायी परिक्रमा उलट्या दिशेने, पर्वत डावीकडे ठेवून करतात. वाटेत ते समोरून येताना भेटतात, तेव्हा त्यांचे काही चुकले आहे असे समजू नये. पर्वताच्या शिखरावर आजवर कोणी चढलेले नाही. सिंधू, सतलज, ब्रह्मपुत्रा आणि कर्णाली या चार नद्यांचे उगम याच परिसरात आहेत. पाचोऱ्याच्या दक्षिणेला अजिंठ्याची रांग ओलांडली की वेरूळचे कैलास लेणे एका दिवसात पाहून येता येते. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात कोरलेल्या त्या मंदिरामुळे कैलासाचे रूप इथल्या लोकांच्या डोळ्यांपुढे पिढ्यान्‌पिढ्या आहे.

पूर्वपीठिका : १९५४ च्या भारत-चीन करारात यात्रेकरूंच्या येण्याजाण्याची तरतूद होती. १९६२ च्या युद्धानंतर वाट बंद झाली. १९८१ मध्ये ती पुन्हा उघडली आणि तेव्हापासून भारताचे परराष्ट्र मंत्रालय उत्तराखंडातील लिपुलेख खिंडीतून तुकड्या पाठवू लागले. सिक्कीममधील नाथू ला मार्ग २०१५ मध्ये सुरू झाला. २०१७ मध्ये डोकलाममधील भारत-चीन तणावामुळे त्या वर्षी तो बंद राहिला. २०२० मध्ये करोनामुळे संपूर्ण यात्रा थांबली आणि २०२५ च्या जूनमध्ये पुन्हा सुरू झाली. ऑगस्ट १९९८ मध्ये लिपुलेख मार्गावरील मालपा येथे रात्री दरड कोसळून दोनशेहून अधिक माणसे गेली. त्यांत सुमारे साठ यात्रेकरू होते, ओडिसी नर्तिका प्रोतिमा बेदी त्यांपैकी एक. ज्या मार्गावर पावसाळ्यात जायचे, तिथे राखीव दिवस ठेवलेच पाहिजेत. परतीचे तिकीट घट्ट बांधून निघणे चुकीचे.

वेळ : सरकारी यात्रेचे अर्ज साधारण उन्हाळ्यात मागवले जातात. २०२५ मध्ये ते एप्रिलअखेरीस सुरू होऊन १३ मेपर्यंत भरायचे होते, म्हणजे खानदेशच्या हिशेबात ऐन आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) तोंडावर. सासुरवाशिणी माहेरी आलेल्या, घर पाहुण्यांनी भरलेले, आणि त्याच आठवड्यात अर्ज, फोटो, पासपोर्टची प्रत यांची धावपळ. यात्रा असते जून ते ऑगस्ट. हे महिने शेतकऱ्याला सर्वांत अवघड. जूनमध्ये कपाशीची लागवड, मग निंदणी, कोळपणी, खताचा डोस आणि श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाईचा उत्सव. वर्षभर बाहेरगावी असलेली भावकी कानबाईच्या रोटांसाठी एकत्र येते आणि नेमका तेव्हा घरातला कर्ता माणूस तिबेटात असतो. म्हणून शेती असलेल्याने पावसाळ्याचे काम भावाकडे किंवा सालदाराकडे कसे द्यायचे, हे अर्ज भरण्याआधीच ठरवावे. तुकडीचा क्रम सोडतीत लागतो, तो आपल्या सोयीने मिळेल या भरवशावर राहू नये.

कागदपत्रे : अर्जदार भारतीय नागरिक असावा, वय १८ ते ७० असावे आणि पासपोर्ट यात्रेच्या वर्षी १ सप्टेंबरला किमान सहा महिने चालू असावा. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या नातेवाइकांना, मग त्यांच्याकडे ओसीआय कार्ड असले तरी, सरकारी यात्रेत जागा नाही. त्यांना खासगी मार्गाने जावे लागते. पहिल्यांदा पासपोर्ट काढणाऱ्याने अडचण ओळखून ठेवावी ती नावाची. आधार कार्डावर एक स्पेलिंग, शाळेच्या दाखल्यावर दुसरे, बाईच्या कागदांवर कुठे माहेरचे आडनाव तर कुठे सासरचे, असे तालुक्यात घरोघर आढळते. हे जुळवून घ्यायला महिने जातात आणि पोलीस पडताळणीला वेगळे दिवस लागतात. पासपोर्ट आदल्या दिवाळीपर्यंत हातात असेल तरच उन्हाळ्यातला अर्ज निवांतपणे भरता येतो.

निवड झालेल्याला नोटरीसमोर काही दस्त करावे लागतात. त्यांत एक हमीपत्र असते, एक प्रतिज्ञापत्र असते, आणि एक संमतिपत्र असते ज्याने हात थबकतो : चीनच्या हद्दीत मृत्यू आला तर पार्थिव भारतात आणण्याचा आग्रह न धरता तिथेच अंत्यसंस्कार करावेत, याला यात्रेकरू संमती देतो. हा कागद घरच्यांपासून लपवून ठेवण्याची प्रवृत्ती दिसते, ती योग्य नाही. सही करण्याआधी तो पत्नीला, मुलांना वाचून दाखवावा. जायचे की नाही याची खरी चर्चा त्या कागदावरच होते.

शरीर : सरकारी अटीनुसार बॉडी मास इंडेक्स २५ किंवा त्याहून कमी लागतो. पाच फूट पाच इंच उंचीच्या माणसाचे वजन त्या हिशेबाने ६८ किलोच्या आत हवे. उच्च रक्तदाब, मधुमेह, दमा, हृदयविकार, अपस्मार असलेल्यांनी अर्ज करू नये असे सूचनांतच म्हटले आहे. दिल्लीत रक्ततपासणी, छातीचा एक्स-रे, ट्रेडमिल चाचणी, फुप्फुसांची क्षमता हे सगळे तपासतात, आणि वाटेत उंचावर भारत-तिबेट सीमा पोलिसांचे डॉक्टर पुन्हा तपासतात. तिथून परत पाठवलेल्याचे पैसे बुडतात, मन तर मोडतेच. त्यामुळे याच चाचण्या डिसेंबर-जानेवारीत जळगावात करून घ्याव्यात. वजन कमी करायला तेव्हा चार-पाच महिने हातात राहतात.

चालण्याचा सराव रोज करावा. मे महिन्यात पाचोऱ्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, तेव्हा पहाटे पाचला निघून ऊन चढायच्या आत परतावे. सपाट रस्त्यावरच्या चालीने मांड्या तयार होत नाहीत. चाळीसगावजवळ पाटणादेवीचा डोंगर, अजिंठ्याचे घाट, सातपुड्यातील मनुदेवीचा परिसर इथे पाठीवर सहा-सात किलो ओझे घेऊन चढउतार करावा. नवे बूट याच सरावात मऊ करून घ्यावेत.

पण सरावाने विरळ हवा सोसत नाही, हे स्पष्ट समजून घेतले पाहिजे. डोलमावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या आसपास असतो आणि धडधाकट तरुणालाही तिथे डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणे हा त्रास होतो. उपाय एकच, हळूहळू चढणे. साधारण ३,००० मी.च्या वर रोजच्या मुक्कामाची उंची ५०० मी.पेक्षा जास्त वाढू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विसावा असावा. बोलताना बरळणे, चालताना तोल जाणे, बसल्या जागी धाप लागणे ही लक्षणे मेंदूत किंवा फुप्फुसात पाणी साचल्याची असू शकतात. अशा वेळी रात्र असली तरी खाली उतरवावे लागते. अॅसिटॅझोलामाइड हे औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे. कापराची पुरचुंडी बहुतेक यात्रेकरू गळ्यात बांधतात. तिच्या वासाने नाक मोकळे वाटते, मात्र रक्तातला प्राणवायू त्याने वाढत नाही.

मार्ग : २०२५ मध्ये लिपुलेखमार्गे पन्नास-पन्नासांच्या ५ आणि नाथू लामार्गे १० तुकड्या, म्हणजे एकूण ७५० जागा होत्या. निवड संगणकीय सोडतीने होते. त्या वर्षी खर्च लिपुलेखने सुमारे पावणेदोन लाख, नाथू लाने सुमारे पावणेतीन ते तीन लाख आणि दिवस दोन्हीकडे तीन आठवड्यांच्या आसपास. पाचोऱ्याहून दिल्लीपर्यंतचे जाणे-येणे, कपडे आणि परिक्रमेतील घोडा-हमाल धरून वर आणखी रक्कम वेगळी काढावी. लिपुलेखची वाट टनकपूर, धारचुला, गुंजी, नाभीढांग अशी जाते. रस्ता झाल्यामुळे पूर्वीची बरीच पायपीट वाचली आहे. नाथू ला मार्गावर चालणे आणखी कमी आहे, पण तिबेटात मोटारीचा प्रवास लांबलचक आहे.

नेपाळमधून खासगी प्रवासी कंपन्या नेतात. मुंबई-गोरखपूर गाड्या पाचोऱ्यावरच्या लोहमार्गानेच जातात, त्यामुळे काठमांडूपर्यंत पोचणे सोपे. तिथून रसुवागढी-केरुंगमार्गे बसने, ल्हासामार्गे, किंवा नेपाळगंज-सिमिकोट-हिल्सा असे विमान व हेलिकॉप्टरने जाता येते. चिनी व्हिसा गटाचा असतो. गटातून एकट्याने परत फिरायचे झाल्यास अडचण येते, हे आधी विचारून घ्यावे. जुलै २०२५ च्या पुरात रसुवागढीचा पूल वाहून गेला, तेव्हा या वाटेची स्थिती निघण्याआधी पाहणे आवश्यक आहे. जाहिरातीत ‘कमी दिवसांत यात्रा’ हे आकर्षण असते. खानदेशातून जाणाऱ्याने नेमक्या त्याच गोष्टीपासून दूर राहावे. दोन दिवसांत खालच्या पातळीवरून साडेतीन हजार मीटरांच्या वर उतरवणारे हेलिकॉप्टर पाय वाचवते, पण शरीराला हवेची सवय व्हायला हवे असलेले दिवसही तेच खाऊन टाकते. कार्यक्रमपत्रिका हाती आली की प्रत्येक मुक्कामासमोर त्याची उंची लिहून पाहावी. चांगला कार्यक्रम कोणता ते लगेच कळते.

परिक्रमा आणि सरोवर : परिक्रमा सुमारे ५२ किमी.ची, दारचेनपासून यमद्वार, डेरापुक, डोलमा, झुथुलपुक अशी तीन दिवसांची. दुसरा दिवस सर्वांत कठीण. पहाटे अंधारात निघून डोलमा खिंड ओलांडावी लागते आणि गौरीकुंड हे तळे वरूनच दिसते. प्रकृती साथ देत नसेल तर पहिल्या मुक्कामावरून कैलासाच्या उत्तरमुखाचे दर्शन घेऊन परतावे, त्यात यात्रा अपुरी राहिली असे मानण्याचे कारण नाही. मानसरोवराचा घेर ९० किमी.च्या आसपास असून त्याची प्रदक्षिणा बहुधा मोटारीने होते. अलीकडे सरोवरात उतरून स्नान करू देत नाहीत. बादलीने पाणी काढून काठापासून दूर अंगावर घ्यायचे. शेजारचा राक्षसताल खाऱ्या पाण्याचा आहे.

शिदोरी : सरोवराकाठी पाणी सुमारे ८५ अंशांनाच उकळते, त्यामुळे उघड्या भांड्यात डाळ तासन्‌तास शिजत नाही आणि तांदळाला कणी राहते. तुकडीतले यात्रेकरू आपसात भोजन, सामान, निधी अशा समित्या करतात. भोजन समितीत प्रेशर कुकर आणणारा माणूस सर्वांना हवा असतो. घरून न्यायचे ते कोरडे आणि चटकन पोटात जाणारे असावे : दुधात मळलेल्या दशम्या पहिल्या आठवड्यापुरत्या, पुढे शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, गूळ-शेंगदाणे, भाजलेली डाळ्याची पूड. उंचावर भूक मरते, आणि तिथे खानदेशी तिखट झेपत नाही, ठेचा घरीच ठेवावा. पाणी तहान नसतानाही पीत राहावे.

पर्याय : सोडतीत नाव न लागणाऱ्यांची आणि वय वा प्रकृतीमुळे अपात्र ठरणाऱ्यांची संख्या मोठी असते. त्यांच्यासाठी उत्तराखंडातील पिथौरागढ जिल्ह्यातच आदि कैलास (५,९४५ मी.) आणि ओम पर्वत आहेत, पासपोर्ट लागत नाही, धारचुल्याहून इनर लाइन परवाना घ्यावा लागतो. जॉलिंगकाँगपर्यंत गाडी जाते. ऑक्टोबर २०२४ पासून भारताच्या हद्दीतील जुन्या लिपुलेखच्या माथ्यावरून प्रत्यक्ष कैलासाचे दर्शन घडवण्याची सोय कुमाऊं मंडळ विकास निगमाने सुरू केली. हा माथाही पाच हजार मीटरांच्या वर असल्याने वैद्यकीय तपासणी आणि गुंजीचा मुक्काम इथेही टाळता येत नाही. मे-जून आणि पावसाळ्यानंतरचे सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने या वाटेला चांगले, आणि शेतकऱ्याला त्यातले मेचे दिवस सोयीचे, कारण खरिपाची बहुतेक लागवड तेव्हा सुरू झालेली नसते.