कुणब्याची दावण

इ. स. १९७४ मध्यें प्रवरा नदीच्या कांठीं दायमाबाद येथें ब्राँझच्या चार मूर्ती सांपडल्या. त्यांतील एक मूर्ति म्हणजे दोन बैलांचा रथ असून त्यावर एक पुरुष उभा आहे. ह्या मूर्ती सिंधुसंस्कृतीच्या उत्तरकालांतील असाव्यात, असें अनेक पंडितांचें मत आहे. बैल जुवाखालीं आणण्याची विद्या दख्खनमध्यें किती जुनी आहे, ह्याची ही साक्ष होय. परंतु ती विद्या कशी होती, हें मूर्तीवरून कळत नाहीं. इतिहासग्रंथांत राजांचे घोडे आणि हत्ती आढळतात. कुणब्याच्या दावणीची नोंद क्वचितच आढळते. वास्तविक त्या राजांचा महसूल ज्या धान्यावर अवलंबून होता, तें धान्य ह्या दावणीच्याच बळावर पिकत असे.

लहान शेतकऱ्याचें खरें भांडवल म्हणजे एक बैलजोडी. माणदेशांतील खिलार, सह्याद्रीच्या मुसळधार पावसांत टिकणारा डांगी, लातूरकडील देवणी, वऱ्हाड-नागपूरकडील गवळाऊ, अशा निरनिराळ्या जाती त्या त्या मातीनें व हवेनें घडविल्या. पण उत्तम जातीचा खोंड घरीं जन्मला म्हणजे काम झालें, असें नव्हे. त्याला माणसाळविणें हें पुढचें कार्य होतें, आणि तें सारें घर मिळून करीत असे.

वासरूं लहान असतांना त्याच्या अंगावरून हात फिरविणें, त्याला नांवानें हांक मारणें, हातांतून चारा भरविणें, हीं कामें बायकामुलांकडे असत. त्यायोगें त्याची माणसाविषयींची भीति मोडे. मग म्होरकी येई आणि अंगांत बळ भरूं लागलें कीं वेसण. पहिल्या जुंपणीच्या वेळीं जाणता शेतकरी त्याला वयस्क व शांत बैलाच्या जोडीला देई. प्रथम मोकळ्या रानांत एखादा ओंडका ओढावयास लावी, नंतर हलका कुळव, आणि खांदा घट्ट झाल्यावर नांगर. घाई केली तर खांदा सोलून निघे. आणि एकदां जुवाला भ्यालेला बैल सहसा पुन्हां विश्वासानें मान देत नसे. विहिरीवरील मोटेचें काम तर याहून अवघड. भरलेली मोट ओढीत धावेवरून उतरणें, आणि ती रिकामी झाली कीं मागच्या पावलीं चढणें, हें नुसत्या माराच्या धाकानें शिकवितां येत नाहीं.

ह्या मायेला व्यवहाराचीहि जोड होती. काळ्या जमिनींतील जड नांगराला एक जोडी पुरत नसे. म्हणून शेजारी आपापले बैल एकत्र करून सावड करीत. मारका किंवा बुजरा बैल सावडींत कोणाला नको असे. म्हणजे ज्याचें जनावर बिघडलें, त्याची नांगरटहि मागें पडे. तथापि ह्या इतिहासावर केवळ गोडवा चढविणें सत्याला धरून होणार नाहीं. पराणीची टोंचणी होती, ओझ्याखालीं पडलेले बैल होते, आणि खोंड बडविण्याची जुनी रीत अत्यंत क्लेशदायक होती. बेंदराच्या वा पोळ्याच्या आदल्या दिवशीं खांदेमळणी करून बैलाच्या खांद्याला हळद व तूप चोळतात. त्या विधींत कृतज्ञता आहे, आणि वर्षभराच्या कष्टांची कबुलीहि आहे.

इ. स. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळानें ह्या व्यवस्थेचा पाया हादरविला. कडबा संपला, तळीं आटलीं, आणि गुरें दावणीलाच मेलीं. पाऊस आला तेव्हां जमीन होती, पण तिच्यांत औत चालविणारे बैल नव्हते. त्याच काळांत, १८७८ च्या जंगल कायद्यानें, पूर्वींच्या चराऊ रानांवर सरकारी बंधन अधिक कडक झालें. जोतीराव फुले यांनीं १८८३ सालीं लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ ह्या ग्रंथांत गुरांच्या चराईचें हें दुःख स्पष्टपणें मांडलें आहे. शेतकऱ्याचें दारिद्र्य त्याच्या गोठ्यांतूनहि सुरू होतें, हें त्यांनीं ओळखलें होतें.

दुसरा शत्रु बुळकांडीचा. ही सांथ आली कीं कांहीं दिवसांत गोठा ओस पडे, आणि सर्व माया, सर्व शिकवण व्यर्थ होई. गुरांच्या सांथींचा विचार करण्यासाठीं नेमलेल्या आयोगानें १८७१ मध्यें अहवाल दिला; पुढें १८८९ सालीं पुण्यास संशोधनशाळा निघाली आणि १८९३ मध्यें ती हिमालयांतील मुक्तेश्वर येथें गेली. मुंबईंत १८८६ पासून पशुवैद्यकाचें शिक्षण सुरू झालें होतें. मुक्तेश्वर येथें १९२० नंतरच्या दशकांत एडवर्ड्स यांनीं बकऱ्यांच्या साहाय्यानें लस सिद्ध केली. १९५४ पासून देशभर लसीकरणाची मोहीम चालली. भारतांत ह्या रोगाची शेवटची लागण १९९५ सालीं झाली, आणि २०११ मध्यें सारें जग बुळकांडीमुक्त झाल्याचें जाहीर झालें. देवीनंतर मनुष्यानें समूळ नष्ट केलेला हा दुसराच रोग होय.

येथें इतिहासाचा एक विचित्र योग दिसतो. ज्या काळीं बैल मरणाच्या मोठ्या भयांतून सुटला, त्याच काळीं ट्रॅक्टरनें त्याचें काम घेतलें. विहिरीवर पंप आला आणि मोट थांबली. शेतकऱ्याचे व जनावराचे कष्ट हलके झाले, हें इष्टच झालें. त्याबद्दल खेद करण्याचें कारण नाहीं. परंतु खोंडाच्या डोळ्यांतील भीति ओळखणें, त्याच्या कलानें घेणें, त्याला विसांवा केव्हां द्यावा हें जाणणें, ही विद्या कोणत्याहि पोथींत लिहिलेली नव्हती. ती बापाच्या हातून मुलाच्या हातीं आली, आणि जेथें जोडी विकली गेली तेथें एका पिढींतच संपली. दायमाबादच्या कारागिरानें बैल ब्राँझमध्यें घडवून ठेवले, म्हणून ते आज आहेत. ज्यांनीं जिवंत बैल घडविले असे वृद्ध शेतकरी अद्यापि खेडोपाडीं आहेत. त्यांना विचारून तें ज्ञान टिपून ठेवण्यास अवधि थोडा उरला आहे.