दाखला, हजेरी आणि नादारी

महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांच्या शाळांत जतन झालेली जुनी जनरल रजिस्टरे सावकाश चाळू लागले असता, पानामागून पान उलटावे आणि मुलामागून मुलाचा जन्म १ जून या एकाच तारखेला झालेला आढळावा, असा चमत्कारिक अनुभव पुष्कळांना आलेला आहे. शाळा जून महिन्यात उघडत आणि आईबापांजवळ जन्माची लेखी नोंद बहुधा नसे. मग मुलाला उजवा हात डोक्यावरून घेऊन डाव्या कानाला लावावयास सांगून मास्तर वयाचा अदमास घेत, वर्ष त्यावरून ठरवीत, आणि दिवस मात्र स्वतःच्या सोयीचा घालीत. ही सोयीची तारीख पुढे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर उतरे, तेथून परीक्षेच्या प्रमाणपत्रावर, प्रमाणपत्रावरून नोकरीच्या सेवापुस्तकात, आणि अखेर पेन्शनच्या कागदांतही तीच कायम होई. ज्या माणसाने मॅट्रिकची परीक्षा दिली त्याला परीक्षेने विद्या किती दिली हे सांगणे कठीण, पण जन्मतारीख तिने निश्चित दिली.

नंदुरबार तालुक्यातील कोरीटसारख्या गावातून माध्यमिक शिक्षण पुरे करून बाहेर पडण्याचा इतिहास लिहावयाचा झाल्यास तो उत्तरपत्रिकांपासून आरंभून भागणार नाही, असे मला वाटते. परीक्षेत उत्तीर्ण होणे ही सर्वांना दिसणारी अट झाली. परंतु तिच्या अलीकडे दाखला, हजेरी, फी, भाषा, वय आणि अंतर अशा ज्या अटींची रांग उभी होती, तिच्यातच बहुतेक मुलांचा प्रवास संपत असे, आणि नापासांच्या आकड्यात त्यांची गणनादेखील होत नसे.

१८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८५९ साली त्याची पहिली प्रवेशपरीक्षा, म्हणजेच मॅट्रिक, घेण्यात आली. महादेव गोविंद रानडे हे त्या पहिल्या तुकडीतील उत्तीर्ण विद्यार्थी. नावाप्रमाणे ही परीक्षा विद्यापीठाच्या दारावरची होती, म्हणजे आत कोणाला घ्यावयाचे एवढेच ठरविणे तिचे काम. परंतु सरकारी कचेऱ्यांनी, वकिलांनी, पेढ्यांनी आणि पुढे रेल्वेनेही तिलाच शिक्षणाची परिसमाप्ती मानल्यामुळे, ज्यांना कॉलेजाची पायरी कधी चढावयाचीच नव्हती अशा हजारो मुलांना कॉलेजात जाणाऱ्यांसाठी आखलेला अभ्यास इंग्रजीतून करणे प्राप्त झाले. तेव्हाच्या लोकव्यवहारात ‘मॅट्रिक नापास’ हीसुद्धा एक प्रतिष्ठेची पायरी होती, आणि ती सांगताना कोणी लाजत नसे. कारण नापास होण्यासाठी परीक्षेस बसावे लागते, आणि बसण्यापर्यंत पोहोचणारे तरी गावात कितीसे होते?

खेड्यातल्या मुलाचे ध्येय त्याहून जवळचे होते. मराठी शाळेच्या वरच्या इयत्तेची परीक्षा, जिला लोक कधी ‘मुलकी’ तर पुढे ‘व्हर्नाक्युलर फायनल’ अथवा नुसती ‘फायनल’ म्हणत, ती उतरली की तलाठ्याची किंवा प्राथमिक शिक्षकाची जागा मिळण्याचा संभव असे, आणि शेतकऱ्याच्या घरात तेवढ्यावर समाधान मानले जाई. १८८२ साली हंटर कमिशनपुढे निवेदन सादर करताना जोतीराव फुले यांनी, रयतेच्या साऱ्यातून आलेला पैसा वरिष्ठ वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि रयतेची मुले मात्र प्राथमिक शाळेवाचून राहतात, ही तक्रार स्पष्ट शब्दांत मांडली होती. त्याच कमिशनने माध्यमिक शाळेत विद्यापीठाकडे जाणारी एक आणि व्यवहारोपयोगी अशी दुसरी, अशा दोन शाखा असाव्यात अशी शिफारस केली. व्यवहाराची शाखा कागदावर निघाली. परंतु जी परीक्षा दोन्ही दारे उघडते तिला सोडून एकच दार उघडणारी परीक्षा कोण पसंत करणार? मॅट्रिकचा दिमाख कायम राहिला.

आता हे सारे नंदुरबारच्या बाजूने पाहावे. १९०६ साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले आणि नंदुरबार तालुका धुळे हे ठाणे असलेल्या पश्चिम खानदेशात राहिला. तापी खोऱ्याची रेल्वे विसाव्या शतकाच्या तोंडावर नंदुरबारास आली होती खरी, पण ती सुरत आणि अंमळनेर यांना जोडणारी. तेव्हा नंदुरबारच्या माणसाला स्वतःच्या जिल्ह्याच्या ठाण्याला रुळांवरून जावयाचे म्हटले, तर जळगावास जाऊन तेथून चाळीसगाव आणि चाळीसगावाहून शाखेच्या गाडीने धुळे, असा शेजारच्या जिल्ह्यातून वळसा घालावा लागे. अभ्यासात हुशार निघालेला मुलगा ज्या बापाला असा लांब ठेवावयाचा, त्याला फीइतकाच खानावळीचा विचार करावा लागे. या रेल्वेवरचेच अंमळनेर मात्र खानदेशातील विद्यार्थ्यांचे एक मोठे केंद्र बनले. तेथील शाळेत १९२४ ते १९३० या काळात साने गुरुजी शिक्षक होते आणि छात्रालयातील मुलांची देखभालही त्यांच्याकडे होती. माध्यमिक शाळेला जोडलेले छात्रालय ही गोष्ट आपल्याकडील शिक्षणाच्या इतिहासात दुय्यम मानली जाते, हा माझ्या मते अन्याय आहे. खेड्यातील मुलाच्या बाबतीत शाळेइतकेच, कधी शाळेहून अधिक, काम छात्रालयाने केले.

नंदुरबारच्या शाळकरी मुलांविषयी लिहिताना ९ सप्टेंबर १९४२ हा दिवस ओलांडून जाणे शक्य नाही. ‘छोडो भारत’ चळवळीतील मिरवणुकीवर त्या दिवशी पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर व घनश्यामदास शहा हे पाच जण हुतात्मे झाले. शिरीषकुमारचे वय सोळा वर्षेही पुरे नव्हते. मिरवणुकीतील घोषणा गुजराती होत्या, हुतात्म्यांत गुजराती आणि मराठी दोन्ही घरांतील मुले होती. ज्या गावाच्या बाजारात गुजराती, अहिराणी, भिली आणि मराठी एकाच वेळी कानी पडते, त्या मुलखातील मुलाला प्रथम पुस्तकी मराठी आणि नंतर इंग्रजी अशा दोन परक्या भाषा ओलांडून परीक्षेपर्यंत जावे लागे, हेही येथेच ध्यानात घेतले पाहिजे.

स्वातंत्र्यानंतर शालान्त परीक्षा विद्यापीठाच्या हातून निघाली. मुंबई राज्याने १९४८ साली कायदा केला आणि १९४९ पासून मॅट्रिकच्या जागी एस. एस. सी. आली, अकरावीच्या अखेरीस होणारी ही परीक्षा शाळेचा शेवट म्हणून योजलेली होती. इंग्रजीचा आरंभ आठवीपासून करण्याचे धोरणही त्याच सुमाराचे. कायद्याने नाव बदलले तरी लोकांच्या तोंडी पुढील कित्येक वर्षे ‘मॅट्रिक’च राहिली. फीची अट सैल झाली ती त्यानंतर. तोपर्यंत गरीब मुलाला ‘नादारी’ मागावी लागे, म्हणजे आपण नादार आहोत असे अर्जात लिहून, गावच्या अधिकाऱ्याची सही आणून, हेडमास्तरांच्या मर्जीवर विसंबून राहावे लागे. यशवंतराव चव्हाणांच्या कारकिर्दीत ई. बी. सी. सवलत आली आणि वार्षिक उत्पन्न बाराशे रुपयांच्या आत असलेल्या घरच्या मुलांची फी सरकार भरू लागले. कोणाच्या मर्जीचा प्रश्न उरला नाही, उत्पन्नाचा दाखला मात्र उरला. महाराष्ट्रातील ग्रामीण शिक्षणाला या एका ठरावाने जो रेटा दिला, तो अभ्यासक्रमाच्या कोणत्याही फेररचनेने दिला नाही.

पुढील व्यवस्था सर्वांच्या परिचयाची आहे. १९६५ च्या कायद्यान्वये १९६६ च्या आरंभी राज्य मंडळ अस्तित्वात आले. १९७५ साली नव्या दहावीची पहिली आणि जुन्या अकरावीची अखेरची परीक्षा एकाच वर्षी झाली. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, आणि जिल्ह्याच्या ठाण्याचा तो जुना वळसा एकदाचा मिटला.

उरली हजेरी. मंडळाच्या नियमाप्रमाणे नियमित विद्यार्थ्याची उपस्थिती ७५ टक्के असावी लागते, आणि परीक्षा फेब्रुवारी-मार्च महिन्यांत येते. नंदुरबार जिल्ह्यातील भिल्ल आणि इतर मजूर कुटुंबे दिवाळीच्या सुमारास गुजरातेत ऊसतोडीला अथवा कापसाच्या कामाला निघतात, ती उन्हाळ्यातच परततात. जी गावी राहतात त्यांच्यापैकी पुष्कळांना नंदुरबारच्या बाजारात येणारी लाल मिरची पथारींवर वाळविण्याचे, देठ खुडण्याचे काम नेमके याच महिन्यांत मिळते. मिरचीने बोटे रात्रभर चुरचुरत असताना भूमितीचे प्रमेय पाठ करणे म्हणजे काय, हे अभ्यासक्रम ठरविणाऱ्या समित्यांना विचारण्याचा प्रसंग कधी आला नसावा. आश्रमशाळांनी या अडचणीवर पुष्कळ अंशी उपाय केला: मुलाला जेवण आणि निवारा शाळेनेच दिल्यावर आईबाप गेले तरी तो मागे राहू शकतो. पण धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी जिला बरोबर न्यावेच लागते त्या थोरल्या मुलीचे नाव पटावर असून हजेरीत नसते.

अशा मुलीसाठी मंडळाच्या दप्तरात एक कागद आहे, ज्याला सारा महाराष्ट्र ‘सतरा नंबरचा फॉर्म’ म्हणून ओळखतो. शाळा सुटलेल्या, किमान पाचवी उत्तीर्ण झालेल्या आणि चौदा वर्षे पुरी केलेल्या कोणालाही तो भरून खासगी रीतीने दहावीला बसता येते, आणि वर्गातील हजेरीचा हिशेब त्याला लागत नाही. हा फॉर्म बहुधा पावसाळ्यात भरून घेतला जातो. कोणी मुद्दाम तसे योजले असेल असे मानण्यास आधार नाही. परंतु वर्षातील जे थोडे महिने ही कुटुंबे आपल्या गावी असतात, ते हेच. तेव्हा पाचवीच्या शाळेचा दाखला, वर १ जून ही तारीख घातलेला, पेटीतून काढून तालुक्याच्या एखाद्या केंद्रशाळेत नेऊन देणे जमते. परीक्षेपुरते परत येण्याचे गाडीभाडे मुकादमाकडून घेतलेल्या उचलीत बसते की नाही, हे त्यापुढचे पाहावे लागते.