वेबवरच्या भाषा मागे का पडतात

एखादी प्रोग्रॅमिंग भाषा मागे पडली म्हणजे ती बंद पडली असे नव्हे. जुनी कामे तिच्यात चालूच राहतात. आटतो तो नव्या कामांचा आणि नव्या मुलांचा ओघ. या ओघाची दोन्ही टोके मुंबईत अंधेरीला शेजारीशेजारी आहेत: १९७३पासूनचे सीप्झ हे निर्यात क्षेत्र काम देणारे, तर मरोळ एमआयडीसीतले ॲपटेकचे मुख्यालय शिकवणाऱ्यांचे.

पर्लचेच पाहा. लॅरी वॉल यांनी १९८७ साली आणलेली ही भाषा मजकूर चाळण्यात पटाईत, आणि सुरुवातीच्या वेबवर, सर्व्हरवर प्रोग्रॅम चालवणाऱ्या सीजीआयच्या जोडीने, तिचाच वरचष्मा. पण फाइल चढवली की ती चालवण्याची ७५५ची परवानगी द्यायची, पहिल्या ओळीत पर्लचा अचूक पत्ता लिहायचा. त्यातून विंडोजवर लिहिलेली फाइल एफटीपीने चुकीच्या मोडमध्ये गेली, तर ओळीअखेरच्या एका न दिसणाऱ्या अक्षरापायी '५०० इंटर्नल सर्व्हर एरर'. १९९५ साली आलेल्या पीएचपीत एचटीएमएलच्या मधोमध चार ओळी घालायच्या, फाइल चढवायची, की पान हजर. स्वस्त होस्टिंगवाल्यांनी तीच उचलून धरली. भाषा म्हणून ती ओबडधोबडच, पण शिकणाऱ्याला पहिल्याच संध्याकाळी काहीतरी दाखवता येत होते. पर्लने पायावर धोंडाही मारून घेतला: सहावी आवृत्ती जाहीर झाली २००० साली, हाती आली २०१५च्या अखेरीस, आणि २०१९ मध्ये तिचे नावच राकू झाले.

त्यात सेवा-कंपन्यांचा हिशेब वेगळा. एकाने राजीनामा टाकला की त्याच्या जागी दुसरा लगेच मिळाला पाहिजे. जाणकार कमी, म्हणून भाषा नको. भाषा नको, म्हणून क्लासची बॅच भरत नाही. बॅच नाही, म्हणून जाणकार आणखी कमी. जावास्क्रिप्टला हेच चक्र उलटे फळले. ब्राउझरमुळे ती सगळ्यांना यायचीच. २००९ मध्ये नोड आल्यावर तोच माणूस सर्व्हरलाही चालू लागला.

फ्लॅशच्या ॲक्शनस्क्रिप्टची गोष्ट निराळी. आयफोनने फ्लॅशला दार उघडलेच नाही, अडोबीने ३१ डिसेंबर २०२० नंतर आधार काढला. तिथे गुणदोषांची चर्चाच फोल. मालकाने घर पाडल्यावर भाडेकरूने काय करावे?

पाठ्यपुस्तक मात्र बाजाराच्या मागून चालते. राज्य मंडळाच्या २०२०च्या बारावी आयटीत सर्व्हरचे धडे पीएचपीतच आहेत. ते पुस्तक चालेल तेवढी वर्षे तिचा ओघ आटायचा नाही.