परीक्षणानंतर बदलणारी ॲप्स

ॲपलने १० जुलै २००८ रोजी सुमारे ५०० ॲप्ससह आपले ॲप स्टोअर खुले केले, तेव्हा कंपनीने पारखल्याशिवाय कोणतेही ॲप ग्राहकापर्यंत जाणार नाही, या आश्वासनावर ती सारी व्यवस्था उभी होती; त्याच वर्षी आलेल्या गूगलच्या अँड्रॉइड मार्केटने मात्र असे पूर्वपरीक्षण ठेवले नव्हते. त्याचा परिणाम मार्च २०११ मध्ये दिसला, कारण पन्नासहून अधिक ॲप्समध्ये ‘ड्रॉइडड्रीम’ हा घातक कोड आढळल्यावर गूगलला ती लोकांच्या फोनमधून दुरूनच काढून टाकावी लागली.

परीक्षण असलेले दुकान तरी सुरक्षित होते काय? सुरक्षातज्ज्ञ चार्ली मिलर यांनी शेअरचे भाव दाखवणारे ‘इन्स्टास्टॉक’ नावाचे साधे ॲप ॲपलकडून मंजूर करून घेतले आणि मंजुरीनंतर तेच ॲप त्यांच्या सर्व्हरवरून नवा, कोणी न तपासलेला कोड उतरवून चालवू शकते, हे नोव्हेंबर २०११ मध्ये उघड केले. ॲपलने त्यांनाच विकासकांच्या योजनेतून बाहेर काढले. पुढच्या वर्षी गूगलने ‘बाउन्सर’ ही स्वयंचलित तपासणी जाहीर केली. तीत ॲप एका आभासी फोनवर, म्हणजे संगणकाने उभ्या केलेल्या नकली फोनवर, काही मिनिटे चालवून पाहिले जाई. मिलर आणि जॉन ओबरहाइड यांनी दाखवून दिले की ॲपला हा नकली फोन ओळखता येतो आणि तेवढा वेळ ते निरुपद्रवी राहू शकते. जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी २०१३ मध्ये आणखी पुढचे पाऊल टाकले: त्यांच्या ‘जेकिल’ ॲपमध्ये तपासताना दिसावा असा वाईट कोड नव्हताच, फक्त मुद्दाम ठेवलेली एक उणीव होती, जिचा बाहेरून वापर करून निर्दोष तुकड्यांची जुळणी बदलता येत असे. या प्रयोगांतून मूळ दोष स्पष्ट झाला होता, कारण परीक्षण एका क्षणाचे असते आणि ॲपचे वर्तन त्यानंतरही घडत राहते. तरीही या इशाऱ्यांना द्यायला हवे होते तेवढे वजन दिले गेले नाही, असेच पुढील घटनांवरून म्हणावे लागते.

२०१७ मध्ये खऱ्या व्हॉट्सॲपच्या विकासकाच्या नावापुढे डोळ्यांना न दिसणारे एक अक्षर जोडून केलेले बनावट ॲप दहा लाखांहून अधिक वेळा उतरवले गेले. २०२१ मध्ये उघड झालेला प्रकार अधिक गंभीर होता. फायली कूटबद्ध करणारे, म्हणजे किल्लीवाचून वाचता न येणाऱ्या रूपात ठेवणारे, साधन म्हणून मंजूर झालेले एक ॲप नंतर ‘ट्रेझर’ या आभासी चलनाच्या पाकिटाचे रूप धारण करून बसले आणि एका ग्राहकाने त्यात आपला गुप्त शब्दसंच भरताच त्याचे १७.१ बिटकॉइन गेले.

भारतात हा प्रश्न कर्ज देणाऱ्या ॲप्समुळे घरोघरी पोहोचला, कारण तेथे कर्जदाराची संपर्कयादी उचलून नातलगांना व सहकाऱ्यांना धमकावण्याचे साधन केले गेले. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी कर्ज ॲप्सना संपर्कयादी, कॉल-नोंदी आणि फोनमधील फायली पाहण्यास मनाई केली. कॅमेरा, मायक्रोफोन व स्थान यांसाठी मात्र ग्राहकाची स्पष्ट संमती घेऊन, केवळ नोंदणीपुरता, एकदाच प्रवेश मान्य केला.