खाणावळ, उपाहारगृह आणि दारावरची पाटी

अन्न विकू नये, अशी आपल्या वाडवडिलांची समजूत होती. मुरुडासारख्या गावी परगावचा मनुष्य आला तर तो कोणाकडे तरी उतरे. त्याचे गोत्र, आडनाव, आजोळ यांची विचारपूस होई आणि मग पान मांडले जाई. त्यामुळे आपल्या जुन्या बोलीत जेवणाचे शब्द पुष्कळ असले, तरी जेवण विकत मिळण्याच्या जागेस शब्द जवळजवळ नाही. पंगत आहे, समाराधना आहे, गावजेवण आहे, कोणासही मज्जाव नसलेले मुक्तद्वार आहे. परंतु हे सारे प्रसंग झाले, जागा नव्हेत. जागा म्हणावी तर अन्नछत्र, म्हणजे मूळचे ‘अन्नसत्र’. दुसरे सदावर्त, म्हणजे ‘सदाव्रत’. तेथे पुष्कळदा कोरडा शिधाच मिळे आणि शिजवून घेण्याचे काम ज्याचे त्याने करावयाचे. यात दात्याची काटकसर नव्हती, घेणाऱ्याचे सोवळे राखण्याची ती सोय होती.

‘खाणावळ’ हा शब्द या दृष्टीने फार बोलका आहे. धुण्याबद्दल द्यावयाची ती धुणावळ, शिवण्याबद्दल शिवणावळ, दळण्याबद्दल दळणावळ. तद्वत खाण्याबद्दल मोजावयाचे पैसे ती खाणावळ. प्रथम मोल, मागाहून ते मोल घेणारी जागा. शेजारच्याच ‘जेवणावळी’त मात्र मोलाचा गंधही नाही. आजकाल पाट्यांवर ‘खानावळ’ असे लिहितात. ‘खाना’ या शब्दाची ती छाया असावी. भटारखान्याची गंमत याच्या उलट. तेथे भट स्वयंपाक करतात म्हणून तो भटारखाना, असे आमच्या लहानपणी मोठी माणसेही सांगत. वास्तविक ‘भटारी’ म्हणजे शिजवून विकणारा. त्याचा भटांशी संबंध नाही.

आपली मुले शिक्षणाकरिता गावाबाहेर पडू लागली तेव्हा ही शब्दसंपत्ती अपुरी पडू लागली. हर्णै बंदरी आगबोटीत बसून मुंबईस जाणारा किंवा घाट चढून पुण्यास पोहोचणारा विद्यार्थी पहिल्याने वार लावी: सात वार, सात घरे. ज्यास तेही मिळत नसे तो माधुकरी मागे. 1909 साली स्थापन झालेल्या पुण्याच्या अनाथ विद्यार्थी गृहाच्या आरंभीच्या दिवसांतही माधुकरीचाच आधार होता. पुढे चार विद्यार्थी मिळून आचारी ठेवू लागले, त्यास ‘क्लब’ म्हणत. क्लबात पत्ते कुटणाऱ्या साहेबांशी या क्लबाचे काही नाते नव्हते. ‘बोर्डिंग’ हा शब्द कोल्हापूरकडे शाहू छत्रपतींनी निरनिराळ्या जातींच्या विद्यार्थ्यांकरिता काढलेल्या वसतिगृहांमुळे रूढ झाला. त्यांतील मराठा बोर्डिंग 1901 सालचे.

आता ‘उपाहारगृह’. उप अधिक आहार, म्हणजे मुख्य जेवणाहून कमी असे खाणे, त्याचे घर. अर्ध्याअधिक पाट्यांवर ‘उपहारगृह’ असे रंगविलेले असते. उपहार म्हणजे भेट. आत गेल्यावर भेट काही मिळत नाही, बिल मिळते! हा शब्द सोवळ्याच्या बाजूने मोठा सोयीचा ठरला. जेवण पंक्तीत आणि सोवळ्याने करावयाचे, फराळास तेवढे कडक बंधन नाही, अशी पळवाट परंपरेने ठेवलेलीच होती. परंतु चहासारख्या पातळ पदार्थाने केवढा उत्पात होतो हे ऑक्टोबर 1890 मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनात दिसून आले. तेथे चहा घेतल्यावरून लोकमान्य टिळक व न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्यांवरही ग्रामण्याचा प्रसंग आला. त्यानंतर केवळ वीस वर्षांनी, 1910 साली, दादर येथे मामा काणे यांचे उपाहारगृह निघाले आणि पुढे मुंबईच्या मराठी माणसाच्या तोंडी झाले. टिळकांचे देहावसान 1 ऑगस्ट 1920 रोजी ज्या सरदारगृहात झाले, तीही उतरण्याजेवण्याची सार्वजनिक जागाच होती.

त्या काळच्या पाट्यांवर ‘ब्राह्मणांचे’, ‘दक्षिणी ब्राह्मणांचे’, ‘स्वच्छ’ अशी विशेषणे असत. ती केवळ चवीची हमी नव्हे. आत कोणी शिजवले, हे पाटी सांगे. आत कोणी येऊ नये, हेही तीच न लिहिता सांगे. हे आपल्या ज्ञातीच्या स्मरणिकेत स्पष्ट लिहिणे आम्हांस अवश्य वाटते, कारण त्या पाट्यांचा अभिमान आपल्या घरांतून अजून ऐकू येतो आणि त्यांची दुसरी बाजू क्वचितच सांगितली जाते. मुरुडास तर ही दुसरी बाजू घरच्या माणसापासूनच शिकता येते. अण्णासाहेब कर्वे यांनी 1893 साली विधवेशी विवाह केला, तेव्हा गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. भारतरत्न झालेल्या पुरुषास पंक्तीस न घेणारे गाव, हीही आपल्या गावाची एक ओळख आहे.

पाटीचा अर्थ उलटा फिरविण्याचे प्रयत्नही याच मुलुखात झाले. कोल्हापुरात अस्पृश्य मानलेल्या गंगाराम कांबळे यांनी ‘सत्यसुधारक’ हॉटेल काढले आणि शाहू महाराज स्वतः तेथे चहास जात. आपल्या जिल्ह्यात, रत्नागिरीस स्थानबद्ध असलेल्या सावरकरांनी 1933 साली ‘अखिल हिंदू उपाहारगृह’ सुरू केले. तेथील ‘अखिल हिंदू’ ही अक्षरे ‘ब्राह्मणांचे’ या विशेषणाला दिलेले सरळ उत्तर होते. अर्थात त्या शब्दांतही एक मर्यादा आहेच. शेवटी 1950 सालच्या राज्यघटनेने पंधराव्या अनुच्छेदात दुकाने व विहिरी यांच्याबरोबर सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा नाव घेऊन उल्लेख केला, आणि 1955 सालच्या अस्पृश्यता (अपराध) अधिनियमाने तेथे मज्जाव करणे हा गुन्हा ठरविला. उपाहारगृहाचे नाव घटनेत यावे लागले, यावरूनच त्या पाटीचे बळ ध्यानात यावे.

इराणी आणि उडपी यांविषयी थोडक्यात सांगतो, कारण तो इतिहास सर्वांस ठाऊक आहे. दोन्ही नावे माणसांची होती, ती जागांची झाली. ‘उडप्याकडे बसू’ म्हणणाऱ्यास आज उडुपी हे गाव आठवतही नाही. माटुंग्याचे रामा नायक यांचे बोर्डिंग 1942 सालचे. तेथे ‘बोर्डिंग’ म्हणजे निव्वळ जेवण. गिरणगावात मात्र जुनी खाणावळ नावानिशी टिकली, आणि ती पुष्कळ अंशी बायकांनी टिकविली. कोकणातून एकटे आलेल्या कामगारांस एका खोलीच्या संसारातून या बायका दोन वेळा जेवू घालीत. कामगाराचा पगार होईपर्यंत त्यांनी सावकाराकडून व्याजाने पैसे काढून वाण्याचे देणे भागवावे, ही त्यांची स्थिती होती. 1975 साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून त्यांस बँकेचे कर्ज मिळवून दिले. ज्या घरांतून अन्न विकणे हलके मानले गेले, त्यांनी या बायकांची नावे विचारण्याची तसदी कधी घेतली नाही.

मुरुडात आज समुद्राकडे जाताना ‘घरगुती जेवण मिळेल’ अशी पाटी नारळीपोफळीच्या वाड्यांच्या दारांवर दिसते. ‘खाणावळ’ म्हणावयास संकोच वाटतो, ‘हॉटेल’ म्हटले तर गिऱ्हाईक बिचकते, म्हणून ‘घरगुती’. ज्या पडवीत पूर्वी गोत्र विचारले जाई, तेथे आता ताटे किती आणि उकडीचे मोदक हवेत का, एवढेच विचारतात, आणि सांगावयाचे ते आदल्या रात्री सांगून ठेवावे लागते.