वकिलावाचून तडजोड : दख्खनमधील एक जुना प्रयोग

कोर्टाची पायरी न चढता देण्याघेण्याचा वाद मिटावा, ही व्यापारी समाजाची फार जुनी इच्छा आहे. महाराष्ट्रात तिला कायद्याचे रूप लाभले ते मात्र एका दुर्दैवी घटनेनंतर.

दि. १२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी गुजर व मारवाडी सावकारांच्या घरांवर व दुकानांवर हल्ला करून रोखे व खतपत्रे जाळली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे चढलेले कापसाचे भाव १८६५ नंतर कोसळले होते. सावकार दावा लावीत. निरक्षर कूळ बहुधा कोर्टात हजरच होत नसे आणि एकतर्फी हुकूमनामा होई. कायद्याने जिंकलेला दावा अशा रीतीने गावात मात्र वैर पेरीत असे.

यावर उपाय म्हणून १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांत सलोखा करून देणारे पंच नेमण्याची त्यात तरतूद होती. शेतकऱ्यावर दावा लावण्यापूर्वी सावकारास प्रथम या पंचांपुढे जावे लागे. तेथे वकिलास मज्जाव होता. धनको आणि ऋणको यांनी समोरासमोर बसून हिशेब मांडावयाचा. तडजोड झाल्यास लेखी करारनामा कोर्टात दाखल होई व त्यास हुकूमनाम्याचे बळ येई. तडजोड फिसकटल्यास पंचांचा दाखला मिळे व त्यानंतरच दाव्याची वाट मोकळी होई. या कायद्याखालील विशेष न्यायाधीशाचे काम पुढे न्या. महादेव गोविंद रानडे यांनीही पाहिले.

हा प्रयोग सर्वत्र सफल झाला नाही. पुष्कळ ठिकाणी पंचांपुढे जाणे हा दाखला मिळविण्यापुरता उपचार ठरला व कालांतराने ती व्यवस्था मागे पडली. पंच नेमता येतात; पदरचे चार पैसे सोडण्याची तयारी मात्र पक्षकारांनाच आणावी लागते.

१९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यातील लोकअदालतीत तेच तत्त्व पुन्हा दिसते. येथे पक्षकारास स्वतः बाजू मांडता येते, दावा लावण्यापूर्वीचा वादही नेता येतो. प्रलंबित दावा मिटल्यास कोर्ट फी परत मिळते आणि निवाड्यावर अपील नाही.

सुप्याच्या होळीत कागद जळाले, त्याहून मोलाची पत जळाली. समोरासमोर बसून मिटविलेला हिशेब ती पत राखतो.