आनाबाईंचं दुकान

जर्मनीत शिकायला गेलेल्या आपल्या मुलामुलींना पहिल्या आठवड्यातच ‘आल्डी’ हे नाव कळतं. स्वस्त किराण्याची ही मोठमोठी दुकानं. त्यांचं मूळ मात्र एका बाईच्या छोट्याशा दुकानात आहे.

एसेन हे कोळशाच्या खाणींचं शहर. आना आल्ब्रेख्ट यांचे पती खाणीत होते. फुप्फुसाच्या आजारानं ते काम सुटलं. १९१३ साली आनाबाईंनी खाणकामगारांच्या वस्तीत किराणा दुकान काढलं. दुसऱ्या महायुद्धानंतर कार्ल आणि थिओ या मुलांनी ते चालवायला घेतलं.

तेव्हा तिथल्या दुकानांत खरेदीवर सवलतीची तिकिटं मिळत. ती वहीत चिकटवायची. वही भरली की ३ टक्क्यांपर्यंत पैसे परत. या भावांनी ती सवलत आधीच किमतीतून वजा केली. जिन्नस मोजके, रोज लागणारे. सजावट नाही, माल खोक्यातूनच विकायचा. १९६२ मध्ये आल्ब्रेख्ट आणि डिस्काउंट मिळून ‘आल्डी’ नाव झालं.

हातावर पोट असलेल्या बाईला वही भरेपर्यंत थांबणं परवडत नाही. तिचे वाचलेले पैसे आजच तिच्या हातात हवेत. गटाचं दुकान काढताना एवढं ध्यानात ठेवूया.